खारपाण पट्ट्यातून खाडीपर्यंत : गाळ आणि पाण्याच्या संशोधनात यायचं कसं

माझं गाव विदर्भात, अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. खारपाण पट्टा. विहिरीला पाणी लागतं, पण ते प्यायचं नाही आणि पिकाला द्यायचं नाही, दिलं तर वावर खराब होतं. बी.एस्सी. झाल्यावर मी सागरी विज्ञान शिकायला जाते म्हटलं, तेव्हा आजी म्हणाली होती, "आपल्या हिरीचं पानी खारं, अन् तू खारंच पानी शिकाले समुद्रावर जातं काय?" मी हो म्हटलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या कितीतरी खाड्यांच्या चिखलात उतरले, गाळाचे आणि पाण्याचे हजारो नमुने हाताखालून गेले.

दरवर्षी निकाल लागले की अकोट, दारव्हा, चिमूर, आरमोरी अशा ठिकाणांहून मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न तेच असतात : समुद्र पाहिलेला नाही, चालेल का? कोणता विषय घ्यायचा? परीक्षा कोणती? नोकरी लागते का? मला हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून दोन वर्षं वाया गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून सगळं एका जागी, क्रमानं लिहिते.

१. आधी गाळाशी ओळख करून घ्या

आपल्याकडे गाळ म्हटलं की तलावातून काढून वावरात टाकायची काळी माती डोळ्यापुढे येते. खाडीतला गाळही तसाच कुठूनतरी वाहून आलेला असतो. नदी समुद्राला मिळते तिथे गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं, दिवसातून दोनदा भरती आत येते, दोनदा ओहोटी बाहेर जाते. या पट्ट्याला आपण खाडी किंवा नदीमुख म्हणतो. नदीनं वरून आणलेली माती, शेतातलं खत, गावांचं सांडपाणी, कारखान्यांतले धातू यांतलं बरंचसं इथे खाली बसतं. पाण्याचा नमुना त्या घटकेची गोष्ट सांगतो, भरती फिरली की तो बदलतो. गाळात वर्षानुवर्षांची नोंद थरावर थर साचत जाते. म्हणून आम्ही दोन्ही घेतो.

विदर्भाच्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावं, की पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ खंभातच्या आखातात जाते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे दर्यापूरची माती पश्चिमेच्या समुद्राकडे निघते आणि भंडाऱ्याची पूर्वेच्या. सगळी पोहोचते असं मात्र नाही. तापीवर आधी हतनूर आणि खाली उकाई, अशी धरणं वाटेत गाळ अडवतात. वरून येणारा गाळ कमी झाला की खाली नदीमुखाची जमीन खचते, किनारा झिजतो. धरणाखालच्या नदीमुखांत हा अभ्यासाचा मोठा विषय आहे, आणि धरणाच्या वरच्या अंगाला वाढलेल्या माणसाला तो लवकर कळतो.

२. घरीच दोन गोष्टी करून बघा

याला पैसे लागत नाहीत. हे करून कंटाळा आला तर हा विषय तुमचा नाही, हेही फुकटात कळेल.

दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत आरओचं पाणी भरा आणि वावरातली काळी माती चिमूट-चिमूट टाकून ढवळा. एका पेल्यात मिठाचा एक भरीव चमचा टाकून पुन्हा ढवळा. पेलाभर पाण्यात एवढं मीठ म्हणजे जवळपास समुद्राइतकं, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. आता दोन्ही पेले खिडकीत ठेवा आणि बघत बसा. खाऱ्या पेल्यात बारीक कण एकमेकांना चिकटून कापसाच्या पुंजक्यासारखे होतात आणि खाली बसू लागतात. साधा पेला दुसऱ्या दिवशीही गढूळच असतो. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठातले धन आयन तो भार झाकतात आणि कण जवळ येतात. गढूळ पाण्यात आजी तुरटी फिरवते, तेच हे काम. नदी खाडीत शिरते तिथे रोज हेच घडतं आणि त्यामुळेच खाडीच्या ठरावीक भागात इतका चिखल साचतो. मला हे पुस्तकातून कळलं नव्हतं, पेल्यातून कळलं.

दुसरं, गावच्या तलावाच्या पाण्याचा पारदर्शकपणा मोजा. २० सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं झाकण घ्या, चार भाग करून एक सोडून एक काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन बांधा. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण करा. पाण्यात सोडत जा, झाकण दिसेनासं होतं ती खोली लिहा. वर ओढा, पुन्हा दिसतं ती खोली लिहा. दोन्हींची सरासरी घ्या. याला सेक्की तबकडी म्हणतात. सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १८६५ मध्ये ती वापरली आणि आजही जगभर चालते. दर रविवारी एकाच जागी, एकाच वेळेला मोजा. पहिल्या पावसाआधी, पावसात आणि पोळ्यानंतर आकडे कसे बदलतात ते वहीत दिसेल. एवढी सहा महिन्यांची वही घेऊन मुलाखतीला गेलेली मुलगी मी पाहिली आहे. समोरच्यांनी तिला दुसरं फारसं काही विचारलंच नाही.

हे काम एकट्यानं करू नका, आणि शेततळ्यावर तर अजिबात नको. आतल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही.

३. पदवीचा विषय

बारावी विज्ञान शाखेतून करा. गणित ठेवलं तर पुढे कमी दारं बंद होतात. नंतर बी.एस्सी. रसायनशास्त्र, भूशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र, यांतलं काहीही चालतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर गाळ आणि पाण्याच्या कामाला रसायनशास्त्र आणि भूशास्त्र ही जोडी सगळ्यात मजबूत. अमरावती-नागपूरकडे भूशास्त्र शिकवणारी जुनी महाविद्यालयं आहेत आणि नागपूर विद्यापीठात त्याचा पदव्युत्तर विभागही आहे. समुद्राचा अभ्यास करायचा म्हणून पहिल्या दिवसापासून समुद्राजवळच असायला हवं, असं काही नाही.

तुमच्या घरात शेताची मृदा आरोग्य पत्रिका असेल, ती काढून बघा. त्यावर पीएच (आम्ल-विम्लता), ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती ते), सेंद्रिय कर्ब असे रकाने असतात. खाडीच्या गाळाचं पृथक्करण करताना आम्हीही हेच मोजतो. सेंद्रिय कर्बाची वॉकली-ब्लॅक पद्धत तर दोन्हीकडे सारखीच आहे. सुट्टीत जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत पंधरा दिवस हाताखाली काम करायला मिळालं तर सोडू नका.

४. कागदपत्रं (हा भाग घाईत वाचू नका)

हुशार मुलं अभ्यासात मागे पडलेली मी कमी पाहिली, कागदात अडकलेली जास्त. बाहेरच्या राज्यात किंवा केंद्रीय संस्थेत जायचं तर एवढं जवळ हवं :

– दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
– टीसी आणि विद्यापीठाचं मायग्रेशन प्रमाणपत्र
– अधिवास प्रमाणपत्र
– जातीचा दाखला, आणि राज्यातल्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र
– ओबीसी असाल तर नॉन-क्रीमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकातले असाल तर त्याचा दाखला
– उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुक
– मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र

यात तीन खड्डे आहेत. पहिला आणि सगळ्यात खोल : केंद्रीय संस्थांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. आपल्याला मिळतो तो राज्याचा. मी पहिल्यांदा प्रवेशाला गेले तेव्हा माझ्याकडे राज्याच्याच नमुन्यातला होता. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. इकडे बाबा एका कार्यालयात तीनदा गेले, तिन्ही वेळा "साहेब नाहीत" ऐकून परत आले, चौथ्या खेपेला दिवसभर बाकड्यावर बसून दाखला घेऊनच उठले. पेरणीचे दिवस होते. त्यामुळे अर्ज करतानाच दोन्ही नमुने मागून घ्या. बहुतेक ठिकाणी तो चालू आर्थिक वर्षातला असावा लागतो, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढा. भटक्या-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांनी आपल्या जातीचं नाव केंद्राच्या यादीत कसं आहे ते राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर आधीच तपासावं. राज्यात आणि केंद्रात प्रवर्ग वेगळा असू शकतो.

दुसरा खड्डा नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासबुकात वडिलांचं नावच नाही. स्पेलिंगचं एक अक्षर वेगळं असलं तरी शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. सगळं दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घ्या, आणि हे बारावीतच करा.

तिसरा, मायग्रेशन. निकालानंतर विद्यापीठात मोठी रांग लागते. गुणपत्रिका हातात पडली त्याच आठवड्यात अर्ज टाका.

सगळ्याच्या झेरॉक्स तर ठेवाच, पण मोबाइलवर फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवरही पाठवून ठेवा. आमच्या वर्गातल्या एकाची फाइल प्रवासात गेली, त्याला यानंच वाचवलं.

५. एम.एस्सी. कुठे, परीक्षा कोणत्या

गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाची एम.एस्सी. आहे. कोचीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठाचं सागरी विज्ञान संकुल जुनं आणि भक्कम आहे. तामिळनाडूत अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र वेल्लार नदीच्या मुखाशीच उभं आहे, खिडकीतून खाडी दिसते. मंगळूर विद्यापीठात सागरी भूशास्त्र आहे, विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठ आहे. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, तिथे पाण्याच्या पर्यावरणावर काम चालतं. प्रत्येकाची प्रवेशाची रीत वेगळी, म्हणून जानेवारीपासून त्यांची संकेतस्थळं दर आठवड्याला बघत जा. साधी रसायनशास्त्राची किंवा भूशास्त्राची एम.एस्सी. विदर्भातच केली तरी पीएच.डी.ला खाडीकडे वळता येतं. आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही परीक्षा आहे.

पीएच.डी.साठी मुख्य दार म्हणजे सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. ती साधारण वर्षातून दोनदा होते. त्यात पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे, पण रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रातून दिली तरी चालते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात (जानेवारी २०२३ पासूनचा दर), घरभाडं वेगळं. गेट ही दुसरी प्रवेश परीक्षा दिली तर भूशास्त्र किंवा पर्यावरण या विषयांतूनही वाट निघते.

इंग्रजीची भीती वाटते, हे मला माहीत आहे. मलाही पहिलं वर्ष जड गेलं. रोज एका शोधनिबंधाचा फक्त सारांश वाचायचा आणि तो वहीत चार ओळींत मराठीत लिहायचा, असं मी केलं. सहा महिन्यांनी वाक्यं आपोआप कळू लागली.

६. सुट्टीतलं काम मिळवा

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. मुख्यालय गोव्यात दोना पावलाला, आणि मुंबई, कोची, विशाखापट्टणम इथे प्रादेशिक केंद्रं. अशा संस्थांत एम.एस्सी.चे विद्यार्थी काही महिन्यांच्या प्रकल्पासाठी घेतात. आपल्या नागपुरातच १९५८ साली सुरू झालेली नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. पाणी आणि सांडपाण्याच्या पृथक्करणाचा हात तिथे उत्तम बसतो. किनाऱ्याला जाण्याआधी नागपूरला शिकता आलं तर खर्चही वाचतो.

शास्त्रज्ञांना ई-मेल लिहिताना एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका. त्यांचा एक तरी लेख वाचा, त्यातली कोणती गोष्ट कळली आणि कोणती कळली नाही ते दोन ओळींत लिहा, तुमची सेक्कीची वही जोडा. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करा. माझ्या अकराव्या ई-मेलला उत्तर आलं होतं.

७. खाडीत पहिल्यांदा उतरताना

आपल्या नद्या एकाच दिशेनं वाहतात. खाडी दिवसातून चार वेळा दिशा बदलते, आणि सुरुवातीला आपल्याकडच्या माणसाचं डोकं तिथेच फिरतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सगळ्यात चढतं आणि सगळ्यात उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास फरक कमी, ती भांगाची भरती. मुंबईला उधाणाच्या दिवशी हा फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे तो निम्म्याच्या आसपास असतो.

कोळीवाड्यातल्या एका तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख) मला हिशेब शिकवला : तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. मुंबईच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं. कामाचं नियोजन मात्र भरतीच्या छापील कोष्टकावरच करा, आणि ते बंदराचं असतं हे विसरू नका. खाडीच्या आतल्या टोकाला तीच भरती उशिरा पोहोचते.

चिखलाबद्दल नीट ऐका. काळ्या वावरात पावसात चालायची सवय असल्यानं आपल्याला वाटतं, चिखल काय नवीन. खाडीचा चिखल मांडीपर्यंत घेतो आणि धरून ठेवतो. पाय रुतला तर ओढाताण करू नका, मागे रेलून बसा, वजन पसरा, पाय हळूहळू मोकळा करा. सोबत प्लायवूडची फळी ठेवा. अनवाणी उतरू नका, कालवांच्या शिंपल्या पात्यासारख्या कापतात. ओहोटीला पाण्याच्या मागे मागे लांब गेलात तर भरती समोरून येताना दिसते, पण तुमच्या पाठीमागच्या ओहोळात ती आधी भरलेली असते. म्हणून ओहोटी पूर्ण होण्याआधी उतरायचं आणि पाणी फिरलं की काम अर्धवट असलं तरी वर यायचं. होडीत लाइफ जॅकेट घालूनच बसा. आपल्याकडच्या मुलींना पोहायला सहसा कोणी शिकवत नाही. जायच्या आधी शिकून घ्या.

कांदळवनात नमुने घ्यायचे तर वनखात्याची परवानगी लागते. अर्ज तुमच्या मार्गदर्शकांच्या सहीनं जातो आणि वेळ घेतो. ठाण्याच्या खाडीसारख्या ठिकाणी, जिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिथे परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका.

पिशवीत काय असावं : पेन्सिल (पेन ओलं झालं की लिहीत नाही), कायम शाईचा मार्कर, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, प्लास्टिकचं खोरणं, खुणा केलेली दोरी, थर्मोकोलची पेटी आणि बर्फ, पीएच मीटर आणि तो जुळवून घ्यायची ४, ७, १० पीएचची बफर द्रावणं, क्षारता (पाण्याचा खारटपणा) मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, गमबूट, टोपी, ओआरएस, आणि प्यायचं पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. बाजारातला स्वस्त टीडीएस मीटर घेऊ नका. आपल्या विहिरीला तो चालतो, पण समुद्राच्या पाण्यात त्याची पट्टीच संपते.

८. नमुना घेणं

विरघळलेला प्राणवायू मोजायची विंक्लर पद्धत हाताला बसली, की बाकीचं बरंच सोपं जातं. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली, घासून बसवलेलं बूच. पाणी नळीनं तळाशी सोडायचं, बाटली भरून वरून वाहू द्यायची, म्हणजे आधी आत आलेलं हवेशी भिडलेलं पाणी निघून जातं. आत बुडबुडा राहता कामा नये. लगेच, होडीतच, आधी मँगेनीज सल्फेट आणि मग अल्कलीयुक्त आयोडाइड पिपेटनं पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडायचं, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. जितका गडद, तितका जास्त. मुंबईच्या मिठी नदीच्या मुखाकडे ओहोटीला घेतलेल्या माझ्या एका बाटलीत साका दुधासारखा पांढरा बसला होता. त्या पाण्यात श्वास घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. आकडा यायच्या आधी डोळ्यांनी कळलं, आणि ती बाटली हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. पुढे प्रयोगशाळेत आम्ल टाकलं की साका विरघळून पिवळा रंग येतो, मग थायोसल्फेटनं अनुमापन (थेंब थेंब टाकत मोजणं), शेवटी स्टार्चचा निळा रंग उडाला की थांबायचं.

तुलना करताना एवढं लक्षात ठेवा : ३० अंशांच्या गोड्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, तेवढ्याच गरम समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. म्हणजे खाडीतला आकडा नदीपेक्षा कमी आला म्हणून लगेच प्रदूषण म्हणू नका. सोबत क्षारता आणि तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

गाळ घ्यायला वरच्या थरासाठी ग्रॅब, म्हणजे जबड्यासारखं मिटणारं यंत्र असतं. इतिहास हवा असेल तर गाभा काढावा लागतो : पाइप गाळात उभा दाबायचा, वरचं तोंड घट्ट बंद करायचं आणि सरळ वर ओढायचा. आडवा झाला की थर मिसळले, मेहनत गेली. उभा कापलेला गाभा पहिल्यांदा बघाल तो दिवस विसरणार नाही. वर एक-दोन सेंटिमीटर तपकिरी, त्याखाली एकदम काळा, आणि सडक्या अंड्याचा वास. वरच्या थरापर्यंत प्राणवायू पोहोचतो. खाली तो संपतो, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि लोहाशी मिळून गाळ काळा होतो. हवेत ठेवला तर हा काळा रंग हळूहळू तपकिरी होऊ लागतो. म्हणून फोटो आणि रंगाची नोंद ताबडतोब. मग दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या कापायच्या. त्यांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून काढतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं असल्यानं गेल्या शंभरेक वर्षांचा हिशेब लागतो.

नावाची चिठ्ठी बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर कधीही लावू नका. माझे चौदा नमुने असे गेले : धुताना झाकणं एकत्र झाली आणि कोणतं झाकण कोणत्या बाटलीचं ते कोणालाच सांगता येईना. ते ठिकाण पुन्हा गाठायला पुढची पौर्णिमा यावी लागली. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, घड्याळातली वेळ, भरती की ओहोटी, खोली आणि घेणाऱ्याचं नाव. एक प्रत पिशवीच्या आत, एक बाहेर.

धातू मोजायचे असतील तर लोखंडी फावडं लावू नका. पारा मोजायचा असेल तर गाळ १०५ अंशांवर वाळवू नका, पारा उडून जातो. कमी तापमानावर किंवा गोठवून वाळवा. दर दहा नमुन्यांमागे एक नमुना दोनदा घ्या, आणि एक बाटली शुद्ध पाण्याची भरून तिलाही तीच सगळी वाट चालवा. ती बाटली तुमची चूक पकडते.

९. आकडे वाचताना

धातू बारीक कणांना चिकटतात. म्हणून चिखलाच्या जागी तांबं जास्त आणि वाळूच्या जागी कमी, असं आलं तर त्याचा अर्थ फक्त कणांचा आकार वेगळा, एवढाच असू शकतो. ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेला भाग वेगळा मोजा, किंवा ॲल्युमिनियमशी प्रमाण काढा.

दुसरी गोष्ट इथल्या मुलांना लवकर पटेल. पश्चिम विदर्भाची काळी जमीन आणि कोकणातल्या खाड्यांचा बराचसा गाळ एकाच काळ्या पाषाणातून, दख्खनच्या बेसॉल्टमधून आला आहे. या खडकात क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. परदेशी सरासरीशी ताडून पाहिलं तर आपली स्वच्छ खाडीही प्रदूषित दिसते. तुलना करायची ती त्याच गाभ्याच्या खालच्या, कारखाने येण्याआधीच्या थराशी. पूर्व विदर्भातल्यांनी मात्र लक्षात ठेवावं, भंडारा-गडचिरोलीचे खडक वेगळे, जुने आहेत. तिकडचा गाळ गोदावरीकडे जातो आणि त्याची मूळ पातळी निराळी असते.

आणि गावातल्या कोणाच्या विहिरीचं पाणी मोजलंत तर एका आकड्यावरून त्याला घाबरवू नका. पुन्हा मोजा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून खात्री करा, मग सांगा.

१०. पोटापाण्याचं

खरं तेच सांगते. संशोधन संस्थेतल्या कायम जागा थोड्या असतात आणि उशिरा निघतात. पीएच.डी.ला पाचेक वर्षं धरा. तोवर प्रकल्प सहायकाची कामं मिळतात, ती प्रकल्पापुरती असतात. पण दारं तेवढीच नाहीत. बंदर, जेट्टी, सांडपाण्याची समुद्रात जाणारी वाहिनी, असं काहीही उभारायचं तर पर्यावरणावरचा परिणाम तपासावा लागतो. ते करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना गाळ आणि पाण्याचे जाणकार लागतात. प्रदूषण नियंत्रण मंडळं आहेत, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळा आहेत, महाविद्यालयात शिकवणं आहे. एम.एस्सी.नंतर लगेच कमवायची गरज असेल तर प्रयोगशाळेची वाट धरा, त्यात काही कमीपणा नाही. दोन वर्षं काम करून नेट देणारे माझ्या ओळखीत आहेत, आणि त्यांचा हात कोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगला असतो.

११. घरी सांगताना आणि निघताना

घरच्यांना "समुद्रविज्ञान" म्हटलं की बुडण्याची भीती वाटते आणि पोटाची काळजी वाटते. त्यांना शिष्यवृत्तीचा आकडा सांगा, वसतिगृहाचा पत्ता द्या, मार्गदर्शकांशी एकदा फोनवर बोलू द्या. मुलींनी वसतिगृहाची व्यवस्था प्रवेश घेण्याआधीच विचारून घ्यावी, आणि खाडीवरच्या कामात होडीवर किमान दोघीजणी असाव्यात हे मार्गदर्शकांना स्पष्ट सांगावं. मी सांगितलं होतं, आणि ते लगेच मान्य झालं.

पहिल्या वर्षी आपल्याकडच्या पोटाला किनारा मानवत नाही. दमट हवेत अंगाला पुरळ येतं, ज्वारीची भाकरी मिळत नाही. घरून ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि तिखट न्या. तिथला भात-मासा हळूहळू आवडू लागतो.

आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. विदर्भ एक्सप्रेस दिवाळीत आणि मे महिन्यात पहिल्याच दिवशी भरते, तेव्हा प्रवेशाची तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढा. मूळ कागदपत्रांची पिशवी वरच्या सामानात टाकू नका, रात्रभर उशाशी ठेवा.